कोटींचा पगार आणि चांगलं विद्यापीठ: अमेरिकेचा दाखला देणाऱ्यांना उत्तर

विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीची बातमी आली की समाजमाध्यमांवर एक युक्तिवाद फिरू लागतो. अमेरिकेतली सरकारी विद्यापीठं आपल्या अध्यक्षाला, म्हणजे आपल्याकडच्या कुलगुरूसारख्या प्रमुखाला, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, म्हणजे आठ-नऊ कोटी रुपये देतात, म्हणून तिथे कर्तबगार माणसं येतात आणि विद्यापीठं पुढे जातात. आपल्याकडे कुलगुरूला महिन्याला २ लाख १० हजार आणि वर ११,२५० रुपये विशेष भत्ता. मग दर्जा कुठून येणार? या मुख्य दाव्याच्या मागे आणखी काही समर्थनं येतात. हा बाजारभाव आहे. कामगिरी दाखवली तरच एवढा पैसा मिळतो. हा पैसा करदात्यांचा नसून देणगीदारांचा असतो. आणि एकूण बजेटच्या मानानं ही रक्कम किरकोळ आहे.

आकडे खरे आहेत. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र अमेरिकेतल्याच अनुभवाशी ताडून पाहिले की टिकत नाहीत. हे सगळं दूर कुठेतरी घडतं, असंही नाही. पुणे, नागपूर, कोल्हापूरच्या घरांतून दरवर्षी मुलं शैक्षणिक कर्ज काढून पर्ड्यू, अ‍ॅरिझोना स्टेट, टेक्सस विद्यापीठाचा डलास कॅम्पस अशा राज्य विद्यापीठांत जातात. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याची फी स्थानिकांपेक्षा कितीतरी जास्त असते. तो पैसा ज्या व्यवस्थेत जातो, ती व्यवस्था आपल्या प्रमुखाला किती देते आणि का देते, हे विचारण्याचा हक्क त्या घरांनाही आहे.

‘चांगला माणूस हवा, तर बाजारभाव मोजावाच लागतो’

हा सगळ्यांत जोरकस मुद्दा, म्हणून यावर जरा थांबू.

जुलै २०११. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी ही तेव्हा २३ कॅम्पसची राज्य विद्यापीठ-व्यवस्था होती. मंदीनं राज्याची तिजोरी आटली होती. १२ जुलैला विश्वस्त मंडळानं विद्यार्थ्यांची फी १२ टक्क्यांनी वाढवली आणि त्याच दिवशी सॅन डिएगो स्टेटचे नवे अध्यक्ष एलियट हर्शमन यांना वर्षाला ४ लाख डॉलर मंजूर केले. त्यातले साडेतीन लाख राज्याच्या पैशातून, उरलेले पन्नास हजार विद्यापीठाच्या फाउंडेशनकडून, म्हणजे देणग्या गोळा करणाऱ्या जोड-संस्थेकडून. आधीच्या अध्यक्षांच्या पगारापेक्षा हे जवळपास लाखभर डॉलरनं जास्त होतं. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी मंडळाला पत्र लिहून विरोध नोंदवला. राज्य न्यायालयं बंद करत असताना आणि शाळाशिक्षकांना कामावरून काढत असताना नेतृत्वानं त्याग दाखवायला हवा, असं त्यांनी लिहिलं. देशाच्या सरन्यायाधीशाच्या दुप्पट पगार दिल्याशिवाय विद्यापीठ चालवायला लायक माणूस मिळत नाही, हे गृहीतकच त्यांनी नाकारलं.

गदारोळ इतका झाला की जानेवारी २०१२ मध्ये मंडळाला नवा नियम करावा लागला: नव्या अध्यक्षाचा मूळ पगार आधीच्या अध्यक्षापेक्षा १० टक्क्यांहून जास्त नसेल. बाजारभावाचा सिद्धांत खरा असता, तर यानंतर खुर्च्या रिकाम्या पडायला हव्या होत्या. तसं झालं नाही. त्याच वर्षी नॉर्थरिज, सॅन बर्नार्डिनो आणि सॅन फ्रान्सिस्को स्टेटला नवे अध्यक्ष मिळाले, सगळे उच्च शिक्षणात वर्षानुवर्षं काम केलेले.

मग हा ‘बाजारभाव’ येतो कुठून? नवा अध्यक्ष शोधायचा ठरला की विश्वस्त मंडळ एक शोधसंस्था, म्हणजे उमेदवार शोधून देणारी कंपनी, नेमतं. पगार ठरवताना सल्लागार ‘तुल्यबळ’ विद्यापीठांची यादी करतात आणि त्यांच्या प्रमुखांच्या पगारांचा मध्य काढतात. आपला अध्यक्ष मध्याच्या खाली असावा असं कुठल्याच मंडळाला वाटत नाही. तसं ठेवलं तर आपणच आपलं विद्यापीठ कमी लेखलं असा अर्थ निघतो. म्हणून मंडळ मध्याच्या वर जातं. पुढच्या वर्षी दुसरं विद्यापीठ यादी करतं, तेव्हा मध्य वर सरकलेला असतो. यात कुणी लबाडी केलेली नसते. प्रत्येक मंडळ आपापल्या जागी सावधपणे वागतं आणि सगळ्यांचे आकडे चढत राहतात. शोधसंस्थेचं शुल्कही अनेकदा नव्या नेमणुकीच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या प्रमाणात ठरतं. त्यामुळे प्रक्रियेत बसलेल्यांपैकी कुणालाच आकडा खाली आणण्यात रस नसतो. यादीत कोणती विद्यापीठं घालायची, हे निवडलं की उत्तर बरंचसं ठरून जातं.

उलट दिशेची उदाहरणंही आहेत. केंटकी स्टेट युनिव्हर्सिटी हे लहान, ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेलं राज्य विद्यापीठ. २०१४ मध्ये रेमंड बर्स तिथे हंगामी अध्यक्ष म्हणून आले. ते याआधीही तिथले अध्यक्ष होते, आणि मधली वर्षं त्यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये वरिष्ठ पदावर काढली होती. म्हणजे ज्या खासगी क्षेत्राशी स्पर्धा करावी लागते असं सांगतात, तिथूनच आलेला हा माणूस. त्यांना साधारण साडेतीन लाख डॉलर ठरले होते. त्यांनी त्यातले ९० हजारांहून जास्त सोडले, ते कॅम्पसवरच्या सगळ्यांत कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांना तासाला किमान १०.२५ डॉलर मिळावेत म्हणून. काही जण तोवर तासाला ७.२५ डॉलरवर काम करत होते. दोन डझन कामगारांचं रोजचं जगणं एका करारातल्या एका दुरुस्तीनं बदललं. प्रत्येक अध्यक्षानं असंच करावं, असं मी म्हणत नाही. पण अशी माणसं असतात, आणि शोधणाऱ्यांनी शोधली तर सापडतात.

दुसरं उदाहरण मराठी घरांच्या जास्त ओळखीचं, इंडियानातल्या पर्ड्यूचं. जानेवारी २०१३ मध्ये इंडियानाचे माजी गव्हर्नर मिच डॅनियल्स तिथे अध्यक्ष झाले. त्यांचा मूळ पगार ४ लाख २० हजार डॉलर होता. त्यावर जास्तीत जास्त ३० टक्के आणखी मिळू शकत होते, पण ते विद्यार्थी वेळेत पदवी घेतात का, शिक्षण परवडतं का अशा ठरलेल्या कसोट्यांवर. सगळं साधलं तरी आकडा साडेपाच लाखांच्या आत. त्यांनी पर्ड्यूची फी गोठवली, आणि इंडियानाच्या विद्यार्थ्यासाठी ती वर्षाला १० हजार डॉलरच्या आत, ९,९९२ वर, दहा वर्षांहून जास्त काळ राहिली. या धोरणावर रास्त टीकाही झाली आहे. विद्यार्थीसंख्या वाढली, राहण्याच्या जागांवर ताण आला, बाहेरच्या राज्यांतल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर भिस्त वाढली. पुढे डॅनियल्स यांचं वेतनही वाढलं. तरीही त्यांचा पहिला करार वाचण्यासारखा आहे, कारण त्यात पगाराचा एक भाग विद्यार्थ्यांच्या हिताशी उघडपणे बांधलेला होता. त्याच काळात इतर ठिकाणी करार कशाशी बांधले जात होते, ते आता पाहू.

‘कामगिरी दाखवली तरच एवढा पैसा मिळतो’

या पदांच्या करारांत मूळ पगाराखेरीज घर, गाडी, बोनस, आणि स्थगित वेतन असतं. स्थगित वेतन म्हणजे दरवर्षी बाजूला ठेवलेली, ठरावीक वर्षं पदावर राहिल्यास एकरकमी मिळणारी रक्कम. शिवाय पद सोडल्यावरची भरपाई आणि प्राध्यापकपदावर परतण्याची हमी. कागदावर ही सगळी रचना चांगल्या माणसाला टिकवण्यासाठी असते. प्रत्यक्षात ती निरोपाच्या वेळी उघडते, निरोप कोणत्याही कारणानं असो.

पेन स्टेट या पेन्सिल्व्हेनियातल्या विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांचं उदाहरण घ्या. फुटबॉलच्या माजी सहायक प्रशिक्षकानं लहान मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण बाहेर आल्यावर नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. त्या शैक्षणिक वर्षात त्यांना एकूण सुमारे २९ लाख डॉलर मिळाले. त्या वर्षी देशातल्या सरकारी विद्यापीठांच्या प्रमुखांत हा सर्वांत मोठा आकडा होता, आणि त्यातला बहुतांश भाग निरोपाच्या भरपाईचा आणि स्थगित वेतनाचा होता. मुलांची सुरक्षितता धोक्यात घातल्याबद्दल न्यायालयानं पुढे त्यांना दोषी ठरवलं.

त्याच्या पुढच्या वर्षी ओहायो स्टेटचे अध्यक्ष गॉर्डन गी पगाराच्या यादीत पहिले आले, ६० लाख डॉलरहून जास्त रकमेसह. कॅथलिक समाजाबद्दल आणि इतर विद्यापीठांबद्दल केलेल्या वक्तव्यांवरून वाद झाल्यावर २०१३ मध्ये ते पायउतार झाले. तिथेही मोठा वाटा साठवून ठेवलेल्या रकमेचा आणि निवृत्तीच्या वेळच्या देण्यांचा होता.

मिशिगन स्टेटच्या लू अ‍ॅना सायमन यांनी जानेवारी २०१८ मध्ये राजीनामा दिला. विद्यापीठाचा डॉक्टर लॅरी नासर यानं शेकडो मुलींवर आणि तरुणींवर अत्याचार केले होते. वर्षानुवर्षं तक्रारी होऊनही त्याला रोखलं गेलं नाही, म्हणून संताप उसळला होता. २०१९ मध्ये विद्यापीठानं सायमन यांच्याशी सुमारे साडेचोवीस लाख डॉलरचा निवृत्ती करार केला. त्यांच्यावरचे फौजदारी आरोप न्यायालयानं नंतर रद्द केले, हेही नोंदवायला हवं. पण माझा प्रश्न गुन्ह्याचा नाही. एवढं मोठं अपयश संस्थेच्या पदरी आलं, तरी करारातली रक्कम त्या अपयशापासून सुरक्षित राहिली. मग या रकमेला कामगिरीचा मोबदला कोणत्या अर्थानं म्हणायचं?

इलिनॉयमध्ये मात्र वेगळं घडलं. ऑगस्ट २०१५ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन कॅम्पसच्या चॅन्सलर, म्हणजे कॅम्पसच्या प्रमुख, फिलिस वाइज यांनी राजीनामा दिला. सार्वजनिक माहिती कायद्यातून सुटण्यासाठी खासगी ईमेल वापरल्याचं प्रकरण तेव्हा समोर आलं होतं. त्यांना ४ लाख डॉलर देण्याचं ठरत होतं. लोक बोलले, गव्हर्नर बोलले, आणि विश्वस्तांनी ती रक्कम नाकारली. थांबवायचं ठरवलं तर थांबवता येतं.

‘हा पैसा करदात्यांचा नाही, देणगीदारांचा आहे’

अनेक राज्य विद्यापीठांना जोडून एक खासगी, नफा न कमावणारं फाउंडेशन असतं. माजी विद्यार्थी आणि देणगीदार तिथे पैसे देतात. फ्लोरिडात विद्यापीठाच्या अध्यक्षाला सार्वजनिक निधीतून वर्षाला २ लाख डॉलरहून जास्त देता येणार नाही, असा कायदा आहे. ऐकायला काटकसरीचा वाटतो. पण फ्लोरिडा विद्यापीठाच्या अध्यक्षाचा मूळ पगार १० लाखांपर्यंत पोचला तो याच कायद्याखाली, कारण वरची रक्कम फाउंडेशनच्या वाटेनं येऊ शकते. कॅलिफोर्निया स्टेटमध्येही २०१२ मध्ये राज्याच्या पैशातला पगार गोठवल्यावर मंडळानं लगेच फाउंडेशनकडून १० टक्क्यांपर्यंत भर घालण्याची मुभा दिली. मर्यादा नावापुरती राहिली.

‘देणगीदारांचा पैसा’ म्हणताना दोन गोष्टी नजरेआड होतात. ज्या देणगीवर विशिष्ट अट नाही, ती शिष्यवृत्तीला, ग्रंथालयाला, प्रयोगशाळेला जाऊ शकते. पगाराला गेली की तिथली कमी होते. दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. अध्यक्षाचा बहुतांश पगार ज्यांच्या खिशातून येतो, त्यांच्याकडे त्याचं लक्ष वळणारच. राज्य विद्यापीठाचा प्रमुख राज्यातल्या शेतकऱ्याच्या, कामगाराच्या, शिक्षकाच्या मुलांसाठी नेमलेला असतो. त्याचं घर मोजक्या श्रीमंत देणगीदारांच्या पैशावर चालणं ही त्या पदाची जागाच बदलणं आहे.

शिवाय फाउंडेशन खासगी असल्यानं त्यांची कागदपत्रं दाखवायला ती अनेक वर्षं नकार देत आली. २०१० मध्ये कॅलिफोर्निया स्टेटच्या स्टॅनिस्लॉस कॅम्पसच्या फाउंडेशननं उपाध्यक्षपदाच्या माजी उमेदवार सारा पेलिन यांना भाषणासाठी बोलावलं. किती पैसे देणार, हे सांगायला नकार मिळाला. कराराची काही पानं विद्यार्थ्यांना कॅम्पसवरच्या कचरापेटीत सापडली. मानधन ७५ हजार डॉलर होतं, हे पुढे उघड झालं. त्या संतापातून कॅलिफोर्नियात २०११ मध्ये अशा संस्थांना माहिती कायद्याखाली आणणारा कायदा झाला. करारातली अट वाचण्यासाठी विद्यार्थ्यांना कचरा धुंडाळावा लागला, आणि त्यांनी तो धुंडाळला, याबद्दल मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे.

फ्लोरिडातही विद्यार्थ्यांनीच काम केलं. माजी सिनेटर बेन सॅस फेब्रुवारी २०२३ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. राज्यानं आदल्याच वर्षी अध्यक्ष निवडीची प्रक्रिया गोपनीय करणारा कायदा केला होता, आणि अंतिम टप्प्यात जाहीर झालेलं नाव एकच होतं, त्यांचं. जुलै २०२४ मध्ये पत्नीच्या आजारपणामुळे त्यांनी पद सोडलं. महिन्याभरात ‘इंडिपेंडंट फ्लोरिडा अ‍ॅलिगेटर’ या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रानं हिशेब छापला. त्यांच्या पहिल्या वर्षात अध्यक्ष कार्यालयाचा खर्च १ कोटी ७३ लाख डॉलरवर गेला होता. आधीच्या अध्यक्षांच्या शेवटच्या वर्षी तो ५६ लाख होता. त्यात मॅकिन्झी या सल्लागार कंपनीला दिलेले लाखो डॉलर होते, आणि सिनेटमधल्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांचे मोठे पगारही होते. त्यातले काही जण फ्लोरिडात न राहता दुरून काम करत होते. सॅस यांनी गैरव्यवहाराचा आरोप फेटाळला, नव्या उपक्रमांसाठी हा खर्च लागला असं सांगितलं. त्यांचं म्हणणं मान्य केलं तरी प्रश्न उरतो की हा हिशेब विश्वस्त मंडळानं वेळेत मागायचा, की विशीतल्या विद्यार्थी-पत्रकारांनी नंतर खणून काढायचा?

‘एकूण बजेटच्या मानानं हा पगार किरकोळ आहे’

गणित बरोबर आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं (हे कॅलिफोर्निया स्टेटहून वेगळं, बर्कली आणि लॉस एंजेलिस कॅम्पसचं) बजेट हजारो कोटी डॉलरचं. त्यात दहा लाख डॉलर शोधूनही सापडणार नाहीत. अध्यक्षाचा पगार शून्य केला तरी फी जाणवेल इतकी कमी होणार नाही. फीवाढीचं मोठं कारण राज्यांनी, विशेषतः २००८ च्या मंदीनंतर, कापलेलं अनुदान हे आहे. पगारावर रागावलेले अनेक जण याउलट सांगतात आणि ते चुकतात. या बाबतीत समर्थकांचं म्हणणं मान्य करायलाच हवं.

पण शिखरावरचा आकडा एकटा नसतो. अध्यक्षाचा पगार वाढला की उपाध्यक्षांचा, अधिष्ठात्यांचा, सहयोगी उपाध्यक्षांचा त्याच्या प्रमाणात वाढतो. एप्रिल २०१७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षक इलेन हाउल यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अध्यक्ष कार्यालयाचा अहवाल दिला. कार्यालयानं १७ कोटी ५० लाख डॉलरची शिल्लक उघड न करता बाळगली होती. तुलनेसाठी घेतलेल्या १० अधिकाऱ्यांना २०१४-१५ मध्ये मिळून ३७ लाख डॉलर पगार होता, आणि तशाच जबाबदारीच्या राज्य अधिकाऱ्यांतल्या सर्वाधिक पगारवाल्यांपेक्षाही तो एकत्रितपणे ७ लाखांहून जास्त होता. हे फक्त दहा जणांचं. जेनेट नेपोलिटानो अध्यक्ष असलेल्या त्या कार्यालयानं लेखापरीक्षकांनी कॅम्पसकडून मागवलेल्या उत्तरांतही हस्तक्षेप केल्याचं निष्पन्न झालं.

त्याच विद्यापीठानं २०२० मध्ये नवे अध्यक्ष ८ लाख ९० हजार डॉलरवर नेमले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथले सुमारे ४८ हजार टीए (अध्यापन सहायक), संशोधन सहायक आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधक) संपावर गेले. अनेक टीएंना वर्षाला तेवीस-चोवीस हजार डॉलरच्या आसपास मिळत होते, आणि राहायचं होतं बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगोसारख्या शहरांत. भारतातून पीएचडीला गेलेली कितीतरी मुलं या वर्गात मोडतात. अशा संपात ‘पैसे नाहीत’ हे वाक्य कोण उच्चारतं, याला अर्थ असतो. नऊ लाख घेणारा माणूस ते म्हणाला, तर समोरच्यानं विश्वास का ठेवावा? पगाराची टक्केवारी काढणाऱ्यांच्या हिशेबात ही गमावलेली विश्वासार्हता धरलेलीच नसते.

याचं सगळ्यांत दुखरं उदाहरण वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचं. गरीब, डोंगराळ राज्य. खाणी बंद पडत गेलेल्या. राज्यातल्या मुलांसाठी हेच मुख्य मोठं विद्यापीठ. ओहायोहून निघालेले गॉर्डन गी इथे अध्यक्ष होते, पगार ८ लाख डॉलर. २०२३ मध्ये विद्यापीठाला ४ कोटी ५० लाख डॉलरची तूट जाहीर करावी लागली. त्या उन्हाळ्यात मंडळानं गी यांना मुदतवाढ दिली. सप्टेंबरमध्ये प्राध्यापकांच्या सभेनं त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव मंजूर केला. काही दिवसांतच मंडळानं २८ अभ्यासक्रम आणि १४३ प्राध्यापक-पदं रद्द केली. परदेशी भाषांच्या विभागाचं जवळपास सगळं गेलं. गी यांचा पूर्ण पगार त्या तुटीच्या दोन टक्केही नव्हता, हे खरं. पण ज्या मुलीला आपल्या राज्यात, राज्याच्या विद्यापीठात भाषा शिकायची होती, तिला ‘परवडत नाही’ असं सांगताना नेतृत्वाच्या करारातला एक आकडाही कमी झालेला दिसला नाही. आणि तूट ज्यांच्या नियोजनात वाढली, त्यांची मुदत वाढली.

इन्स्टिट्यूट फॉर पॉलिसी स्टडीज या संस्थेनं २०१४ मध्ये सर्वाधिक पगार देणाऱ्या २५ सरकारी विद्यापीठांचा अभ्यास मांडला होता. तिथे विद्यार्थ्यांचं कर्ज आणि अर्धवेळ, कंत्राटी शिक्षकांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा वेगानं वाढल्याचं त्यात दिसलं. ही डाव्या विचाराची संस्था आहे, आणि दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं सिद्ध होत नाही. मी एवढंच म्हणेन, की जास्त पगारामुळे विद्यार्थ्यांचं भलं होत असेल, तर ते या २५ ठिकाणी दिसायला हवं होतं.

‘फुटबॉल कोचला तर त्याहून कितीतरी जास्त मिळतात’

मिळतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकच असतो. एका ठिकाणची उधळपट्टी दुसऱ्या ठिकाणच्या उधळपट्टीचं समर्थन होऊ शकत नाही. कोचच्या करारावर सही करणारं विद्यापीठही तेच, ज्याच्या अध्यक्षाच्या शहाणपणाची किंमत आपण मोजतो आहोत.

‘म्हणून आपल्याकडेही कुलगुरूंना तसाच पगार द्या’

मुख्य दावा हाच, आणि तो महाराष्ट्राला लावून पाहू.

मे २०२२ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कुलगुरूंची मुदत संपली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंची. दोन्ही ठिकाणी पूर्णवेळ कुलगुरू आले जून २०२३ मध्ये. पुण्यासारखं विद्यापीठ वर्षभराहून जास्त काळ प्रभारी कुलगुरूंवर चाललं. पगार कमी म्हणून कुणी आलं नाही, असं झालं नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या राज्य सरकारनं विद्यापीठ कायद्यात दुरुस्ती केली. निवड समितीनं सुचवलेल्या नावांतून दोन नावं सरकार राज्यपालांकडे पाठवणार, आणि मंत्री प्र-कुलपती, म्हणजे कुलपती असलेल्या राज्यपालांच्या खालोखाल, होणार, अशी ती दुरुस्ती. राज्यपालांची संमती मिळाली नाही, सरकार बदललं, दुरुस्ती मागे घेतली गेली, आणि तोवर निवड अडकून पडली. कुलगुरू नेमण्याचा अधिकार कुणाचा, या ओढाताणीत विद्यापीठाचा वेळ गेला. पगार दुप्पट असता तर एवढंच झालं असतं की त्या खुर्चीसाठीची ओढाताण आणखी वाढली असती.

पुणे विद्यापीठ राष्ट्रीय क्रमवारीत, एनआयआरएफमध्ये, विद्यापीठ गटात २०२४ साली २३ वं होतं. २०२५ साली ५६ वं झालं. या घसरणीची चर्चा झाली तेव्हा सगळ्यांनी बोट ठेवलं ते प्राध्यापकांच्या रिक्त जागांवर. विद्यापीठांत आणि अनुदानित महाविद्यालयांत वर्षानुवर्षं भरती रखडली आहे. नेट, सेट, पीएचडी झालेली माणसं तासिका तत्त्वावर शिकवतात, म्हणजे जितके तास तितके पैसे. सुट्टीचे महिने बिनपगारी, आणि झालेल्या तासांचं मानधनही महिनोन्‌महिने थकलेलं. चाळिशीला पोचलेला माणूस दरवर्षी जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला उभा राहतो. संशोधनाचा विद्यार्थी मार्गदर्शक मिळण्याची वाट पाहत बसतो. विद्यापीठाचा दर्जा बनतो तो या माणसांच्या वर्गात आणि प्रयोगशाळेत. अमेरिकेतली सरकारी विद्यापीठं मोठी झाली तीही अशाच कामातून. बर्कली, मिशिगन, विस्कॉन्सिन यांचा लौकिक अध्यक्षांचे पगार लाखांत जाण्याच्या कितीतरी आधीचा आहे. राज्यांनी अनेक दशकं दिलेला निधी, पूर्णवेळ प्राध्यापक, ग्रंथालयं आणि संशोधनाचं स्वातंत्र्य यांतून तो घडला.

अमेरिकेकडून घ्यायचंच असेल, तर घेण्यासारखं तिथे आहे. अनेक राज्यांत अध्यक्षाचा करार मागितल्यावर वाचायला मिळतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळात एक विद्यार्थी मताच्या अधिकारासह बसतो, आणि मंडळाच्या बैठकीत सामान्य नागरिक उभा राहून बोलू शकतो. राज्याचा लेखापरीक्षक अध्यक्षाच्या कार्यालयात शिरून हिशेब तपासतो. आपल्याकडे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकांची तरतूद आहे, आणि त्या निवडणुका टाळल्याच जात आहेत. व्यवस्थापन परिषदेत काय ठरलं, हे महाविद्यालयातल्या शिक्षकालाही वर्तमानपत्रातून कळतं.

कुलगुरूंचा पगार महागाईप्रमाणे, वेतन आयोगाप्रमाणे जरूर वाढावा. जबाबदारीचं काम आहे आणि ते प्रामाणिकपणे करणाऱ्याला सन्मानानं जगता आलंच पाहिजे. पण फिरणारा तो मजकूर पुढे पाठवण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयात चौकशी करा: मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि तासिकेवरच्या शिक्षकांचं मानधन कोणत्या महिन्यापर्यंत मिळालं आहे.